भिंतीला जकात चालत नाही

एकविसाव्या रोज्याची रात्र होती. तरावीहची, म्हणजे रमजानमधली रात्रीची नमाज आटोपून आम्ही पाचजण नाशिकच्या चौक मंडईजवळच्या एका जुन्या वाड्यातल्या खालच्या खोलीत सतरंजीवर बसलो होतो. मध्ये पत्र्याचा डबा, त्यातल्या नोटांचे गठ्ठे आणि शेजारी पावती पुस्तकाच्या सदुसष्ट स्थळप्रती. 2024 चा रमजान. मार्चच्या मध्यात रोजे लागले होते आणि ईद नऊ-दहा दिवसांवर आली होती.

मी दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात एका अडतीवर हिशेब लिहितो. वीस वर्षं हेच काम करतोय. त्यामुळे मोजायचं काम माझ्याकडे आलं. दोनदा मोजलं. 3,41,500 रुपये. सगळ्यांनी अल्हम्दुलिल्लाह म्हटलं, कारण आम्हाला हव्या असलेल्या रकमेपेक्षा हे जास्त होतं.

आम्हाला अभ्यासिका करायची होती. जुन्या नाशकात दूध बाजारापासून कथड्यापर्यंत ज्यांनी घरं पाहिली आहेत त्यांना कारण सांगावं लागणार नाही. दहा बाय दहाची खोली, त्यात आजी, आई-वडील, चार भावंडं, टीव्ही, शिलाई मशीन. दहावीची मुलगी जिन्याच्या पायरीवर बसून गणितं सोडवते. कॉलेज रोडला, अशोक स्तंभाला पैसे भरून बसायच्या अभ्यासिका आहेत, पण महिन्याचे तेवढे पैसे आणि रात्री दहाला मुलीला एकटं परत आणणं, दोन्ही आमच्या मोहल्ल्याला जमत नाही. म्हणून आमच्या छोट्याशा संस्थेने ठरवलं की वाड्यातली ही बंद पडलेली खोली दुरुस्त करायची. गिलावा, लाईट, पंखे, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह, चोवीस टेबलं. अंदाज 2,60,000 चा निघाला होता.

पावत्या फाडताना मी प्रत्येकाला एवढंच सांगितलं होतं, ‘मुलांच्या अभ्यासिकेसाठी आहे.’ लोक पाकीट देत होते, मी पावती देत होतो. रमजानमध्ये देणारा बहुतेक वेळा जकातच देतो, हे मला ठाऊक होतं. जकात आमच्या पाच फर्जांपैकी एक. ज्याच्याकडे निसाबाएवढी मालमत्ता आहे, म्हणजे साडेसात तोळे सोनं (87.48 ग्रॅम) किंवा साडेबावन्न तोळे चांदी (612.36 ग्रॅम) किंवा तेवढ्या किमतीची रोकड वा व्यापाराचा माल, आणि त्यावर चांद्र वर्ष उलटलं आहे, त्याने अडीच टक्के काढून द्यायचे. हे लहानपणापासून पाठ. पण ते पैसे कुठे लागू होतात आणि कुठे होत नाहीत, याचा विचार मी चाळीस वर्षांत कधी केला नव्हता. चांगल्या कामाला दिले की झालं, अशी माझी समजूत होती.

त्या रात्री आमच्यातल्या सर्वांत थोरल्या वकीलचाचांनी स्थळप्रती चाळल्या आणि विचारलं, ‘‘यातले जकातीचे किती?’’

कोणालाच सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर मी आणि चाचा मुफ्तीसाहेबांकडे गेलो, धर्मनियमांचा निकाल तेच देतात. मशिदीच्या वरच्या मजल्यावरची लहानशी खोली, भिंतीला लागून किताबांची कपाटं. मी अभ्यासिकेचा नकाशा पुढे ठेवला, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग टेबलावरचं पेन उचलून माझ्या हातात ठेवलं. ‘‘हे तुम्हाला दिलं. आता कोणाचं?’’

‘‘माझं.’’

‘‘विकलं तरी चालेल?’’

‘‘चालेल.’’

मग त्यांनी पाठीमागच्या भिंतीवर हात ठेवला. ‘‘हिला देता येईल?’’

इमाम अबू हनीफांच्या मजहबमध्ये, म्हणजे आम्ही पाळतो त्या हनफी नियमपरंपरेत, जकातीचा पाया हाच आहे: तमलीक. म्हणजे रक्कम हक्कदार माणसाच्या मालकीची करून देणं. कुरआनात सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. फकीर, मिस्कीन, जकात गोळा करणारे, ज्यांची मनं जोडायची आहेत ते, गुलामगिरीतून सुटू पाहणारे, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातले आणि वाटेत अडकलेला मुसाफिर. आठही माणसंच आहेत. मशीद, पूल, विहीर, रस्ता, शाळेची इमारत, मयताचं कफनसुद्धा यात येत नाही, कारण यातलं कोणीच मालक होऊ शकत नाही.

मला तेव्हा राग आला होता, हे लिहिलंच पाहिजे. मुफ्तीसाहेबांवर नाही, पण आला. ज्या गरिबाच्या मुलीसाठी खोली बांधतोय तिचाच हा पैसा, मग तिच्यासाठी बांधलेल्या भिंतीला का चालू नये? मी हे विचारलं. ते म्हणाले, ‘‘खोलीचा मालक कोण राहणार?’’ मी म्हणालो, संस्था. ते म्हणाले, ‘‘मग तिच्याकडे काय आलं?’’

पुढचं वाक्य ऐकून मात्र माझ्या अंगावर काटा आला. ‘‘तुम्ही लोक देणाऱ्यांचे वकील आहात, त्यांच्या वतीने पैसा पोहोचवणारे. पैसा तुमच्या डब्यात पडला म्हणून त्यांची जकात अदा झाली असं नाही. हक्कदाराच्या हातात पडेल तेव्हा होईल. तुम्ही भलतीकडे खर्च केलात तर त्यांचा फर्ज बाकी राहील आणि ती रक्कम तुमच्या अंगावर येईल.’’

मी घाबरून सांगितलं की गवंड्याला 15,000 रुपये बयाणा देऊन झाला आहे.

‘‘कोणत्या पैशातून?’’

हे उत्तर माझ्या वहीत होतं. अडतीवर रोजमेळ लिहायची सवय अशी की चंद्याचाही मी तारीखवार लिहिला होता. घरी येऊन पान उघडलं. बयाणा दिला त्या दिवसापर्यंत आलेल्या पावत्यांपैकी ज्यांवर ‘लिल्लाह’ (ऐच्छिक दान) असं स्पष्ट लिहिलं होतं त्या तीन, मिळून 4,500 रुपयांच्या. बाकीच्यांना एकेकाला फोन केला. सगळे म्हणाले, जकात. म्हणजे 10,500 रुपये जकातीचे गेले होते. गवंड्याकडून परत मागणं बरोबर नव्हतं, त्याने रेती-सिमेंट आणून टाकलं होतं. ती रक्कम मी आणि सेक्रेटरीने अर्धी अर्धी खिशातून भरली आणि डब्यात परत ठेवली. त्या महिन्यात घरी ईदचे कपडे फक्त मुलांना घेतले. हिने एका शब्दाने विचारलं नाही.

मग सुरू झालं सदुसष्ट पावत्यांचं वर्गीकरण. पाच दिवस मी इफ्तारनंतर फोन घेऊन बसायचो. ‘‘चाचा, आपण दिलेले पाच हजार कोणत्या नियतीने होते?’’ हे विचारायला सुरुवातीला जीभ जड व्हायची. पण एकही माणूस चिडला नाही. उलट बागवानपुऱ्यातले एक फळवाले म्हणाले, ‘‘मी तीस वर्षं देतोय, पहिल्यांदा कोणी विचारलं.’’ ते तिथल्या तिथे म्हणाले, जकात गरिबांना द्या, खोलीसाठी मी वेगळे दोन हजार पाठवतो.

हिशेब असा निघाला. जकात 1,96,000. फितरा, म्हणजे ईदच्या आधी गरिबाला द्यायचं दान, 18,400. सदका आणि लिल्लाह, म्हणजे ऐच्छिक दान, 94,100. एका निवृत्त गृहस्थांनी दिलेले मुदत ठेवीवरच्या व्याजाचे 22,000. आणि डब्यात नाव-गाव नसलेली तीन पाकिटं, 11,000. या पाकिटांबद्दल मुफ्तीसाहेबांनी दिलेला निकाल मला हिशेबनीस म्हणून फार पटला: यांना जकात धरा. तो सदका असेल आणि गरिबाला गेला तर काही बिघडत नाही. पण जकात असेल आणि सिमेंटला गेली तर ती वाया गेली.

व्याजाच्या रकमेचं आणखी वेगळं. ती आपल्याकडे ठेवायची नाही, मशिदीला लावायची नाही आणि पुण्याची अपेक्षाही धरायची नाही. सवाबची नियत न करता गरजूला देऊन मोकळं व्हायचं. सार्वजनिक संडास किंवा रस्त्याला ती चालते असं काही उलमा, म्हणजे धर्मपंडित, मानतात. सेक्रेटरी लगेच म्हणाले, मग आपल्या स्वच्छतागृहाला लावू. मुफ्तीसाहेबांनी मनाई केली नाही, पण म्हणाले की सुरक्षित मार्ग गरजूचा आहे. आम्ही ते 22,000 वडाळा गावातल्या एका हमालाला दिले. त्याच्या मुलाच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं, उसनवारी डोक्यावर होती.

फितऱ्याची घाई होती. तो ईदच्या नमाजच्या आधी पोहोचायला हवा, म्हणजे त्या दिवशी कोणाच्या घरी चूल पेटायची राहू नये. आमच्याकडे माणशी पावणेदोन-दोन किलो गव्हाची किंमत धरतात आणि रोख देतात. पण ज्यांनी आम्हाला ही खोली वापरायला दिली ते कोकणीपुऱ्यातले चाचा शाफई मजहबचे. त्यांच्यात फितरा धान्यातच द्यायचा, आणि आपल्या रोजच्या खाण्याच्या धान्यात. ते तांदळाची पोती रिक्षात टाकून घेऊन आले. सोबत एक अट: ‘‘हे विकून पैसे करायचे नाहीत. तांदूळ तांदूळच गेला पाहिजे.’’ तीन रात्री आम्ही माप घेऊन पिशव्या भरत बसलो. तराजू अडतीवरून आणला होता. चाचा स्वतः मापाला बसले आणि प्रत्येक पिशवीत मूठभर वरून टाकत राहिले. ईदच्या आदल्या रात्री शेवटची पिशवी गेली तेव्हा बाहेर चंद्र पाहून परतणाऱ्या पोरांचा गलका चालू होता.

ईद झाली. शहाजहानी ईदगाहवरून परतताना सेक्रेटरींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मनात घोळत असलेली गोष्ट काढली. हीला करू या, म्हणाले. बरेच लोक करतात. एखाद्या गरीब पोराला जकातीचे पैसे द्यायचे, तो मालक झाला, मग त्याने ते संस्थेला भेट द्यायचे. भिंतीला चालतं.

मी मुफ्तीसाहेबांना विचारलं. त्यांनी हजरत बरीरांची हदीस सांगितली. बरीरांना कोणीतरी सदक्याचं मांस दिलं होतं. पैगंबर मुहम्मद (स.) सदक्याचं खात नसत. पण ते म्हणाले, तिच्यासाठी तो सदका आहे आणि आपल्यासाठी तिच्याकडून आलेली भेट. म्हणजे मालक बदलला की वस्तूचा हुकूम बदलतो, हे खरंच आहे. ‘‘पण मला एक सांगा,’’ ते म्हणाले, ‘‘तुम्ही ज्या पोराला लाख रुपये द्याल, तो ‘मी देत नाही, माझ्याकडेच ठेवतो’ म्हणाला, तर चालेल?’’

सेक्रेटरी गप्प झाले. मीही.

‘‘चालणार नसेल तर तुम्ही त्याला मालक केलंच नाही. मदरशांची अगदीच अडचण असते तेव्हा उलमांनी सवलत दिली आहे. टेबल-खुर्चीसाठी गरिबाचा हक्क फिरवून आणू नका.’’

आमच्यातला सर्वांत धाकटा इंजिनियर आहे. त्याने मोबाईलवर वाचून आणलं होतं की युसूफ अल-करजावींसारख्या विसाव्या शतकातल्या विद्वानांनी ‘फी सबीलिल्लाह’चा, म्हणजे आठ हक्कदारांतल्या ‘अल्लाहच्या मार्गातले’चा अर्थ व्यापक केला आहे, दीनी शिक्षणाची आणि प्रसाराची कामंही त्यात येतात. मग अभ्यासिका का नाही? मला वाटलं मुफ्तीसाहेब त्याला गप्प बसवतील. त्यांनी त्याला शेजारी बसवून घेतलं. म्हणाले, ‘‘ते मोठे आलिम होते, मत त्यांचं आहे, आहेच. पण पैसा ज्यांचा आहे ते हनफी. त्यांनी आपल्या मजहबप्रमाणे फर्ज अदा व्हावा म्हणून तुमच्या हातात दिला. त्यांना न विचारता त्यांच्या जकातीसाठी तुम्ही मत निवडणार?’’ मला हे उत्तर सगळ्या वादापेक्षा मोठं वाटतं. अमानत म्हणजे काय ते यात आहे. उद्या एखाद्या देणाऱ्याचं मत वेगळं असेल आणि तो तसं लिहून देईल तर गोष्ट निराळी. त्याच्या वतीने आम्ही पळवाट काढायची नाही.

अजून एक दरवाजा ठोठावून पाहिला होता. मोहल्ल्यातल्या मशिदीच्या दुकानांचं भाडं येतं, थोडी शिल्लक असते. तिथूनही नकारच आला, आणि तो योग्य होता. वक्फ, म्हणजे कायमचं धर्मदान, करणाऱ्याने जी अट घातली ती शरीयतच्या हुकमासारखी पाळायची, असा फुकहांचा, म्हणजे धर्मनियमांच्या जाणकारांचा नियम आहे. मशिदीसाठी दिलेल्या दुकानाचं भाडं मशिदीचंच. हजरत उमरना खैबरची जमीन मिळाली तेव्हा पैगंबरांनी सांगितलं होतं, मूळ राखून ठेव आणि उत्पन्न दान कर. वक्फची सगळी इमारत त्या एका वाक्यावर उभी आहे. कोकणी चाचांच्या मनात खोली वक्फ करून टाकायची होती. मुफ्तीसाहेबांनीच त्यांना थांबवलं, आधी मुलांशी बोला म्हणाले, कारण वक्फ परत घेता येत नाही, विकता येत नाही, वारसांना जात नाही, आणि मग वक्फ मंडळाची नोंदणीही आली. शेवटी स्टॅम्प पेपरवर दहा वर्षांचा वापराचा करार झाला.

आता राहिली जकात: पाकिटं धरून 2,07,000. ती ठेवून घ्यायची नव्हती, लवकर पोहोचवायची होती. आम्ही ठरवलं की शिकणाऱ्या मुलांच्या घरांनाच द्यायची, पण खरंच हक्कदार असतील त्यांना. माझी आपा, म्हणजे थोरली बहीण, आणि ही, दोघी घरोघरी गेल्या. आपाने फॉर्म कधी कोणाच्या दारात बाहेर काढला नाही. चहा घ्यायची, बोलायची, घरी येऊन लिहायची. कर्ज किती, सोनं किती, हातात काय. राहतं घर, अंगावरचे कपडे, कारागिराची हत्यारं धरायची नाहीत. सोन्याचा हिशेब फसवा असतो. नुसतं सोनंच असेल तर साडेसात तोळ्यांपर्यंत निसाब होत नाही. पण सोन्यासोबत थोडी रोकडही असेल तर दोन्हींची किंमत मिळवून ती साडेबावन्न तोळे चांदीपर्यंत जाते का ते पाहायचं. आपा रोज सकाळी सराफ बाजारातून चांदीचा भाव विचारून घ्यायची. एका घरात बाई फाटक्या चादरीवर बसल्या होत्या, पण माहेरचं दीड तोळं आणि भिशीचे पैसे मिळून त्या निसाबाच्या वर गेल्या. त्यांना जकात देता आली नाही. दुसऱ्या एकीकडे काळ्या पोतीतल्या चार सोन्याच्या मण्यांपलीकडे काही नव्हतं, आणि दुकानदाराची उधारी वजा केली तर तेही उरत नव्हते.

एक घर सय्यदांचं निघालं. आडनाव सय्यद असलेले पुष्कळ असतात, पण यांच्याकडे शजरा होता, पिढ्यांची नावं लिहिलेला. वडील रिक्षा चालवतात, मुलगी बारावी सायन्सला. पैगंबरांच्या घराण्याला, बनू हाशिमना, जकात देता येत नाही. आपा परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. ‘‘त्यांची गरज सगळ्यांत जास्त आहे आणि त्यांनाच नाही?’’ त्या मुलीला आम्ही 8,000 रुपये लिल्लाहमधून दिले, हदिया (भेट) म्हणून, ज्यांच्या पावतीवर खोलीचा उल्लेख नव्हता त्यांच्या रकमेतून. खोलीसाठी उरले 86,100. म्हणजे 1,73,900 कमी.

देताना ‘ही जकात आहे’ असं सांगावं लागत नाही, हे मला या प्रकरणात कळलं. देणाऱ्याची नियत पुरेशी. पाकीट, त्यावर ‘शिक्षणासाठी’ एवढंच. फोटो कोणाचाच काढला नाही. वर्तमानपत्रात द्या म्हणणारे होते; मी ऐकलं नाही आणि पुढेही ऐकणार नाही.

ज्या बाईंच्या पोतीत चार मणी होते त्यांना 12,000 रुपये दिले. पती वारलेले, तीन मुलं, थोरली दहावी झालेली. आमच्या मनात होतं, कॉलेजची फी भरली जाईल. आमच्यातले काहीजण म्हणत होते की फी थेट कॉलेजातच भरू. पण त्या घराने आम्हाला तसा अधिकार दिल्याशिवाय परस्पर भरली तर तमलीक होत नाही. म्हणून हातात दिले.

महिन्याने कळलं. फीचा पहिला हप्ता त्यांनी भरला होता, पण मोठा भाग शिलाई मशीनची मोटर बदलायला आणि थकलेलं खोलीभाडं द्यायला गेला होता. बैठकीत आवाज चढले. आपण शिक्षणाला दिले, त्यांनी भाड्याला घातले. पुढच्या वेळी तसा अधिकार देणारा वकालतनामा लिहून घ्या, फी आपणच भरू. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

मुफ्तीसाहेबांकडे जायच्या आधीच मला उत्तर ठाऊक होतं, तरी गेलो. ते एवढंच म्हणाले, ‘‘पेन आठवतं?’’

खोली खाली करावी लागली असती तर मुलगी कॉलेजात कुठून गेली असती? मोटर बंद असती तर दुसरा हप्ता कुठून आला असता? तिच्या घरात काय आधी आणि काय नंतर, हे तिला ठाऊक होतं आणि आम्हाला नव्हतं. दुसरा हप्ता तिने शिलाईतून भरला. त्या दिवसापासून मी तमलीक हा शब्द नियम म्हणून नाही, त्या बाईचा चेहरा समोर ठेवून वापरतो. गरिबाला पैसा द्यायचा आणि त्याच्या वापराचा कासराही आपल्याच हातात ठेवायचा, याची आपल्या सगळ्यांना फार सवय आहे. संस्थांना तर आहेच. जकात तो कासरा सोडायला लावते.

वकालतनामा आम्ही ठेवला आहे, पण ज्या घराला स्वतःहून हवा आहे त्याच्यासाठीच.

खोलीसाठी नवी पावती पुस्तकं छापली. यावर पाच घरं आहेत: जकात, फितरा, सदका/लिल्लाह, व्याज, अभ्यासिका निधी. देणाऱ्याने खूण केल्याशिवाय पावती फाटत नाही. बँकेत खातंही वेगळं काढलं. हिशेब तपासनीस म्हणाले की धर्मादाय आयुक्तांकडे द्यायच्या ताळेबंदातही हे निधी वेगळे दाखवता येतात, त्यात काही अडचण नाही. जूनमध्ये बकरी ईदला कोणी म्हणालं, कुर्बानीची चमडी गोळा करून विकू. चमडी स्वतः वापरा, कोणाला भेट द्या, चालतं. पण विकली की तिची किंमत गरिबाची होते. आणि चमड्याला आता भावही राहिलेला नाही. तो विषय तिथेच संपला. देखरेखीला बसणाऱ्या मुलाचा पगार जकातीतून निघेल का, हेही विचारून झालं. निघत नाही, पगार हा कामाचा मोबदला, आणि आठ हक्कदारांतले ‘गोळा करणारे’ म्हणजे इस्लामी शासनाने नेमलेले, आमच्यासारखी कमिटी नव्हे.

अभ्यासिका निधीला आठ महिने लागले. माझ्या अडतीच्या शेठनी चार पंखे दिले. भद्रकालीतल्या सुताराने मजुरी निम्मी केली. वाड्याच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खाली येऊन 5,001 रुपये माझ्या हातात ठेवले आणि विचारलं, ‘‘आमचा नातू बसला तर चालेल ना तुमच्यात?’’ मी लगेच हो म्हणालो, पण मनात शंका नको म्हणून मुफ्तीसाहेबांना विचारून घेतलं. जकात मुसलमान हक्कदाराचीच, पण नफली, म्हणजे ऐच्छिक सदक्याला ती अट नाही; तो शेजाऱ्याला, कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो, आणि काकूंचं दान अशा कामाला घ्यायलाही हरकत नाही. ते हसून म्हणाले, ‘‘बघा, भिंतीत जकात घातली असती तर दारात उभं राहून जात विचारावी लागली असती.’’

डिसेंबरमध्ये खोली सुरू झाली. चोवीस टेबलांपैकी अकरा मुलींच्या बाजूला. काकूंचा नातू खिडकीजवळच्या टेबलावर बसतो, सीईटीचा अभ्यास करतो. कोकणी चाचा मगरिबच्या, म्हणजे संध्याकाळच्या नमाजनंतर येऊन दारातल्या खुर्चीवर बसतात आणि चपला ओळीत लावून घेतात.

मुलींच्या बाजूला पडदे हवे होते. ही म्हणाली, त्या बाईंनाच सांगू. त्यांनी येऊन टेपने मापं घेतली, कापड मेन रोडवरून स्वतः निवडून आणलं आणि चार दिवसांत पडदे शिवून दिले. मी पाकीट काढायला कपाट उघडलं. त्यांनी विचारलं, ‘‘भाई, हे कोणत्या खात्यातलं?’’

मी म्हणालो, ‘‘कोणतं लिहू?’’

‘‘ही माझी मजुरी आहे. खोलीच्या खात्यात लिहा.’’

बिल त्यांनी वहीच्या पानावर लिहून आणलं होतं. कापड वेगळं, शिलाई वेगळी, खाली सही. 1,400 रुपये. मी अभ्यासिका निधीच्या खतावणीत जावक लिहिली आणि ते पान व्हाउचरला टाचून ठेवलं.